वायर एकाचीच का?
सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला, हे श्रेय स्पर्धेचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार नियामक ट्रायने संकेतस्थळानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली, हे श्रेय नियमाचं. घरच्या ब्रॉडबँडला दोन्ही हवेत. वसई-विरारमधल्या नालासोपाऱ्यात गच्च्यांवरून गेलेल्या काळ्या वायरी पाहिल्या की कंपन्यांची रेलचेल वाटते. पण सोसायटीने जिन्यातला डक्ट एकाच ऑपरेटरला दिला, की रहिवाशाला निवडच उरत नाही. असे मक्तेदारीचे करार नकोत, ही शिफारस ट्रायने जानेवारी 2017 मध्येच केली होती. दर बाजाराने ठरवावेत. इमारतीत शिरण्याची मुभा मात्र कायद्याने सर्वांना सारखीच द्यावी. वसई-विरारकरांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लावून धरायलाच हवा.