विश्लेषण : घरात टोल-फ्री नंबरची यादी का हवी?

दापोली : अमर्याद कॉलिंगच्या पॅकमुळे फोन लावायला आता वेगळे पैसे पडत नाहीत. मग टोल-फ्री नंबरचे महत्त्व काय उरले, असा प्रश्न पडू शकतो. दापोलीसारख्या तालुक्यात त्याचे उत्तर रोजच्या अडचणींत सापडते. मुले मुंबई-पुण्यात, घरी वयस्कर आई-वडील. वीज गेली, गॅसचा वास येऊ लागला किंवा खात्यातून अचानक पैसे गेले की हाताशी असतो तो फक्त फोन. अशा वेळी योग्य नंबर माहीत नसेल तर माणूस तो इंटरनेटवर शोधतो आणि फसवणारे नेमके तिथेच टपून बसलेले असतात. त्यामुळे टोल-फ्री नंबर आज पैसे वाचवण्यापेक्षा दोन कामांसाठी लागतो : खऱ्या संस्थेपर्यंत पोहोचणे आणि आपल्या तक्रारीची नोंद होणे.

१८०० आणि १८६० यांत फरक काय?

१८०० ने सुरू होणारा नंबर कोणत्याही एका टेलिफोन लाइनचा नसतो. तो लावला की दूरसंचार कंपनीची यंत्रणा या नंबरमागचा प्रत्यक्ष नंबर शोधते आणि कॉल तिकडे वळवते. फोन कुठून आला, किती वाजता आला, यावरून तो वेगवेगळ्या केंद्रांकडेही जाऊ शकतो. कॉलचा खर्च फोन घेणारी संस्था भरते, म्हणून तो आपल्यासाठी मोफत.

१८६० दिसायला तसाच, पण त्याचा खर्च फोन करणाऱ्यालाही सोसावा लागतो. तो तुमच्या पॅकमध्ये धरला जातो की नाही, हे मोबाइल कंपनी आणि प्लॅनवर अवलंबून असते. त्यामुळे ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकत बसलात तर बॅलन्स कापला जाऊ शकतो.

तिसरा प्रकार छोट्या नंबरांचा : ११२, १०८, १९१२, १९३० असे. हे नंबर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या क्रमांक योजनेतून ठरावीक सेवांना दिलेले असतात. लक्षात ठेवायला सोपे आणि नक्कल करायला अवघड, हा त्यांचा मोठा फायदा.

घराला स्वतःचा टोल-फ्री नंबर मिळतो का?

अमेरिकेत ८०० क्रमांकाची सेवा १९६७ मध्ये सुरू झाली. पुढे १९९० च्या दशकात शिकायला लांब गेलेल्या मुलांना घरी फोन करता यावा म्हणून अनेक कुटुंबांनीही असे नंबर घेतले. बिल आई-वडिलांच्या नावावर यायचे.

आपल्याकडे ही सेवा व्यवसाय आणि संस्थांपुरतीच राहिली. कुटुंबांनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला, तो म्हणजे मिस्ड कॉल. गावाहून एक रिंग द्यायची, मुंबईच्या चाकरमान्याने उलट फोन करायचा. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाल्यावर तर ही पद्धत घराघरांत रुळली. आता अमर्याद कॉलच्या पॅकमुळे तिचीही गरज उरलेली नाही. थोडक्यात, घरातल्या घरात बोलण्याचा प्रश्न सुटला आहे. घराने बाहेरच्या यंत्रणेशी बोलण्याचा प्रश्न मात्र कायम आहे.

वायरमनचा मोबाइल नंबर असताना १९१२ कशाला?

गावात वीज गेली की पहिला फोन ओळखीच्या वायरमनला जातो. तो शेजारच्या वाडीतला असतो, रस्ता माहीत असतो, बहुतेकदा लगेच येतोही. त्याला फोन जरूर करा. पण त्या फोनची कुठेही नोंद होत नाही. तो रजेवर असला किंवा त्याने फोन उचलला नाही, तर तुमच्या घरी वीज नाही हे महावितरणच्या दप्तरी कुणालाच माहीत नसते.

१९१२, १९१२० किंवा १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ या महावितरणच्या नंबरवर ग्राहक क्रमांक सांगून तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. किती वेळात सेवा सुरू व्हायला हवी, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवून दिले आहे आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूद आहे. तो वेळ तक्रार नोंदवल्यापासून मोजला जातो. नोंदच नसेल तर मोजणी कशाची करणार?

हेच मोबाइल सेवेबाबत. ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रारीसाठी टोल-फ्री नंबर ठेवावा लागतो आणि तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो. मोबाइलवरून तक्रारीसाठी १९८ आहे. तिथे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. पण तिथेही पहिला प्रश्न असतो तो तक्रार क्रमांकाचा.

खोटा नंबर कसा ओळखायचा?

फसवणुकीच्या दोन पद्धती घराघरांत माहीत असायला हव्यात.

पहिली सर्च इंजिनची. बँक किंवा गॅस कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधले की भलत्यानेच टाकलेला नंबरही वर येऊ शकतो. फोन उचलणारा अगदी अदबीने बोलतो, मोबाइलची स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगतो आणि खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या ‘बी(अ)वेअर’ पुस्तिकेत या प्रकाराबद्दल सावध केले आहे.

दुसरी एका आकड्याची. अकरा अंकी १८०० नंबरमधला पहिला १ काढला की उरतो तो ८०० ने सुरू होणारा दहा अंकी नंबर, म्हणजे साधा मोबाइल क्रमांक. कॉलरचे नाव दाखवणाऱ्या ॲपवर तो बँकेच्या नावाने नोंदवला की भलेभले फसतात. सगळे १८०० नंबर अकरा अंकी नसतात, ग्राहक हेल्पलाइनचा १८००-११-४००० हा दहा अंकी आहे. म्हणून अंक मोजण्यापेक्षा सुरुवातीचा १ पाहा.

‘बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मोबाइल नंबरसह येणारा मेसेज हाही याच माळेतला मणी.

यावर एकच नियम पुरतो : आलेल्या फोनवर विश्वास नाही, आपण लावलेल्या फोनवर विश्वास. कुणीही बँकेतून बोलतो म्हणाले तर फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवा-कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत, तर जाहिरातींसाठी १४० चे. ही ओळख उपयोगी आहे, पण १६०० वरून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाही.

पैसे गेलेच तर?

लगेच १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बँकेचे नाव, खाते, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगितली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याचा प्रयत्न होतो. इथे मिनिटांना किंमत आहे. ‘मुलगा संध्याकाळी घरी आला की विचारू’ असे म्हणत थांबू नका.

त्याच वेळी बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहार कळवण्यासाठी बँकांनी चोवीस तास टोल-फ्री हेल्पलाइन ठेवणे बंधनकारक आहे. ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसान येत नाही. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून इथेही तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवावा.

मुंबई किंवा बंगळुरूतून गावासाठी फोन करताना

छोटे नंबर सहसा फोन करणारा जिथे आहे तिथल्या यंत्रणेकडे जातात. महाराष्ट्रात ११२ साठी राज्यस्तरीय नियंत्रण कक्ष आहेत, त्यामुळे पुण्यातून दापोलीच्या घरासाठी मदत मागता येते. बंगळुरूतून ११२ लावला तर मात्र फोन कर्नाटकात जाईल. अशा वेळी रत्नागिरीचा ०२३५२ किंवा दापोलीचा ०२३५८ हा एसटीडी कोड लावून पोलीस ठाणे किंवा नियंत्रण कक्षाचे साधे नंबरच कामी येतात. ते आधीच लिहून ठेवा. परदेशातून आपले १८०० नंबर बहुतेक वेळा लागत नाहीत, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

यादीत काय लिहावे?

• ११२ : पोलीस, अग्निशमन आणि इतर आपत्कालीन मदत
• १०८ : रुग्णवाहिका
• १९१२ : महावितरण (शेजारी ग्राहक क्रमांक)
• १९०६ : गॅसगळती, इतर तक्रारींसाठी १८००-२३३-३५५५
• १९३० : ऑनलाइन आर्थिक फसवणूक
• १९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन
• १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठी
• १८००-१८०-१५५१ : किसान कॉल सेंटर, सकाळी ६ ते रात्री १०
• बँकेचा नंबर : कार्ड किंवा पासबुकवरूनच उतरवलेला

ही यादी कागदावर, मोठ्या अक्षरांत, दिवाणखान्याच्या भिंतीवर लावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत वीज आणि फोन दोन्ही कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी मोबाइलमध्ये साठवलेले नंबर बॅटरीबरोबर जातात. कागदावरचा नंबर शेजाऱ्याच्या फोनवरूनही लावता येतो.

रिचार्जकडेही लक्ष हवे. मुदत संपून आउटगोइंग बंद झाले तर १८०० लागेलच असे गृहीत धरू नका. इंटरनेट न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देण्याचे बंधन ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. आई-वडिलांच्या फोनसाठी ते जरूर विचारा.

जबाबदारी फक्त घराची नाही

नागरिकांना ‘सावध राहा’ सांगणे सोपे आहे. पण ज्या संस्थेचा खरा नंबर सहज सापडत नाही, तीच ग्राहकाला खोट्या नंबरकडे ढकलत असते. बिल, पासबुक, गॅसची पावती यांवर टोल-फ्री नंबर सर्वांत वर आणि ठळक छापायला काय हरकत आहे? ज्या बँका आणि कंपन्या तक्रारीसाठी १८६० नंबर देतात, त्यांनी तो बंद करून १८०० द्यावा. आपलीच चूक ऐकवण्यासाठी ग्राहकाने पैसे का मोजावेत? फोन लागल्यावर मराठीचा पर्याय पहिल्याच टप्प्यावर हवा आणि बटणांच्या चक्रातून न जाता माणसाशी बोलण्याची सोयही. ग्रामपंचायतींनीही कार्यालयाबाहेरच्या फलकावर ही यादी रंगवून घ्यावी, खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे.

गणपतीला घरोघरी चाकरमानी येतात. यंदा आई-वडिलांच्या फोनमध्ये नवे ॲप टाकून देण्याआधी भिंतीवर ही यादी लावा आणि त्यांच्याच हाताने एकदा १९१२ लावून तक्रार कशी नोंदवायची ते समजावून सांगा.