कष्टकऱ्याला व्यायाम कशाला?

कारखान्यातील अंगमेहनत आणि हृदयाचे आरोग्य यांविषयी एक समज घट्ट रुजलेला आहे: दिवसभर घाम गाळणाऱ्याचे हृदय आपोआप ठणठणीत राहते, व्यायामाची गरज खुर्चीवर बसणाऱ्या साहेबांना. कामगारांना हे पटते कारण त्यात कष्टाचा मान आहे. मालकांना पटते कारण त्यात खर्च नाही. समज पुरता निराधार असता तर एव्हाना मोडीत निघाला असता; पण त्याच्या पाठीशी वैद्यकातील दोन नामांकित अभ्यास उभे आहेत, म्हणून आधी त्यांचीच तपासणी करावी लागते.

पहिला लंडनचा. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालक-वाहकांची तुलना करून १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून, तर वाहक तिकिटे फाडत वर-खाली करणारा. दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि आढळला तोही उशिरा व तुलनेने सौम्य. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. मॉरिस स्वतःच पुरेसे शंकेखोर होते. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली आणि तीही तरुण वयापासूनच. म्हणजे काही फरक नोकरीला लागण्याआधीचाच होता.

दुसरा अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतला. राल्फ पॅफेनबार्गर यांनी ६,३५१ गोदी कामगारांची २२ वर्षांची नोंद १९७५ साली प्रसिद्ध केली. जड माल हाताळणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू दर दहा हजार मनुष्यवर्षांमागे २६.९, मध्यम कामात ४६.३ आणि हलक्या कामात ४९. आकडे बोलके आहेत. मध्यम आणि हलके काम यांत फरक जवळपास नाहीच, उडी आहे ती एकदम जड कामापाशी. आणि पॅफेनबार्गर यांनी श्रेय दिले ते जोरदार श्रमाच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या झटक्यांना. नुसते दिवसभर राबणे त्यांनी हृदयाचे औषध म्हणून सांगितलेले नाही.

पूर्वपक्षाची बाजू इथवर. तिच्यातली चूक अशी, की पायऱ्या चढणारा वाहक आणि आजच्या असेंब्ली लाइनवर एका जागी उभा असलेला ऑपरेटर हे दोघे एकाच तराजूत घातले जातात. जलद चालणे, पळणे, जिना चढणे यांत मोठे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकते, स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि काम संपताच नाडी खाली येते. प्रेसवर पत्रा धरून ठेवणाऱ्याचे तसे नसते. आवळून धरलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. वरचा आणि खालचा असे दोन्ही रक्तदाब चढतात. उभ्या पायांत रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि ती तूट नाडी वाढवून भरून काढावी लागते. त्यात फाउंड्रीची धग असली तर रक्ताचा एक वाटा कातडी थंड ठेवण्यात जातो. हे सारे आठ तास, कधी बारा तास, आठवड्यात सहा दिवस. अशा कामाने नाडी व रक्तदाब दिवसभर थोडे चढलेलेच राहतात. पण दम लागून हृदयाची ताकद वाढावी इतका जोर त्यात क्वचितच येतो.

हा फरक आकडेवारीतही दिसतो. कोपनहेगनच्या लोकसंख्या अभ्यासात १,०४,०४६ स्त्री-पुरुषांचा साधारण दहा वर्षे मागोवा घेतला गेला. आंद्रेयास होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू कमी होते. नोकरीत अतिश्रम करणाऱ्यांमध्ये मात्र हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्के आणि मृत्यू २७ टक्के अधिक होते.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: जड काम गरिबांच्याच वाट्याला येते, तेव्हा दोष कामाचा की तंबाखू, तुटपुंजा पगार आणि कोंदट घराचा? भारतातील दहा उद्योगांत सुमारे २०,००० जणांची पाहणी झाली, तिच्यातही कमी शिकलेल्यांमध्ये तंबाखू आणि उच्च रक्तदाब जास्त दिसला. शिवाय नॉर्वेतील चार लाखांवर लोकांच्या अभ्यासात हालचालीची कामे करणाऱ्या पुरुषांचे आयुष्य बैठ्या कामाच्या पुरुषांपेक्षा किंचित जास्तच भरले. तेव्हा ‘अंगमेहनत माणसाला मारते’ असे सरसकट म्हणणे ही दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ती ठरेल. पण या आक्षेपाने मूळ समज वाचत नाही. कामाचा किती भार, किती वेळ, मध्ये उसंत किती, हे पाहिल्याशिवाय घामाला आरोग्याचा दाखला देता येत नाही, एवढे त्यातून उरतेच.

आता दुसरा पूर्वपक्ष, जो अधिक नव्या थाटाचा आहे. कामाने भागत नसेल तर कामगाराने व्यायाम करावा. गेटवर फलक लावावा, योगदिनाला चटया अंथराव्यात, पावले मोजण्याची स्पर्धा घ्यावी. चाकण किंवा वाळूजला पहिल्या पाळीसाठी पहाटेची बस पकडणारा आणि ओव्हरटाइम उरकून अंधारात परतणारा माणूस ही पावले कोणत्या तासात टाकणार? बाईकामगाराची दुसरी पाळी तर घरी चुलीपाशी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. हे तास तसेच ठेवून वर व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

मग व्यायाम कामाच्या वेळेतच दिला तर? डेन्मार्कमध्ये सफाई कामगारांना कामाच्या वेळेतच आठवड्यातून दोनदा दम लागेल असा व्यायाम देऊन पाहिला गेला. त्यांची दमक्षमता सुधारली, पण दिवसभराचा वरचा रक्तदाब थोडा चढला, विशेषतः ज्यांचे काम मुळात जड होते त्यांचा. आधीच थकलेल्या शरीरावर चढवलेला व्यायाम हाही भारच ठरू शकतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी कामाचा भार उतरवायचा, मग व्यायामाला जागा करायची.

भार किती असावा यासाठी श्रमशरीरशास्त्राचा जुना ठोकताळा आहे: आठ तासांचे काम माणसाच्या कमाल प्राणवायू-क्षमतेच्या एक तृतीयांशापलीकडे जाऊ नये. ही क्षमता वयाबरोबर घटते, म्हणून पंचविशीतल्या पोराला झेपणारे मशीन पन्नाशीतल्या कामगाराला त्याच वेगाने देणे हा हिशेबच चुकीचा. उपाय नवलाचे नाहीत. ओझ्याला हॉइस्ट, उभ्या-बैठ्या कामांची अदलाबदल, गरम खात्यात जास्त विश्रांती, आणि पाळीच्या वेळेतच, पगारी, थोडा वेळ जोमदार हालचाल. होल्टरमन यांचा आग्रह असाच आहे की काम करता करताच शरीराला योग्य तेवढी हालचाल मिळेल अशी कामाची रचना हवी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय बंधनकारक केली होती. स्टूल दिसले की ‘बसायला पगार देतो का?’ म्हणणारे सुपरवायझर मात्र अजून आहेत.

तपासणीची रीतही बदलायला हवी. वार्षिक मेडिकलमध्ये सकाळी, निवांत बसवून घेतलेला रक्तदाब लाइनवरच्या दुपारविषयी फारसे सांगत नाही. श्रमशरीरशास्त्रज्ञ लुसियन ब्रुहा यांनी सुचवलेली पद्धत साधी आहे आणि तिला लागते फक्त घड्याळ. काम थांबताच कामगाराला बसवावे आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाची नाडी मोजावी. पहिल्या मिनिटाची ११० च्या आत असेल आणि तिसऱ्यापर्यंत निदान दहा ठोक्यांनी उतरली असेल तर काम झेपते आहे. दिवस सरेल तशी ती उतरेनाशी झाली, तर तो आकडा कामगाराच्या मेडिकल फाइलबरोबर उत्पादन विभागाच्या टेबलावरही गेला पाहिजे, कारण लाइनचा वेग आणि विश्रांतीच्या वेळा तिथेच ठरतात.