लुगड्याच्या आतला इतिहास

मराठी नाट्यसमीक्षेत वेशभूषेविषयी जे थोडेफार लिहिले जाते, ते सारे बाहेरून दिसणाऱ्या वस्त्रांविषयी असते. बालगंधर्वांच्या शालूंची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १९११ सालच्या 'मानापमाना'तील भामिनी आणि १९१६ सालच्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी यांच्या नेसण्याचे अनुकरण घराघरांतल्या स्त्रियांनी केले, हेही आपण कौतुकाने सांगतो. परंतु पुरुषाच्या देहावरचा तो शालू स्त्रीच्या अंगावरचा वाटावा यासाठी आत काय शिवले गेले आणि ते कोणी शिवले, हा प्रश्न समीक्षेने विचारण्याजोगा मानलेला नाही. आम्हांस तो विचारण्याजोगा वाटतो. आणि आमच्यासारख्या झाडीपट्टीत राहणाऱ्यांना तर तो टाळताच येत नाही.

आरमोरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव. झाडीपट्टी रंगभूमीची मोठी पेठ असलेले वडसा येथून जवळच. दिवाळी सरली, धान घरात आले, की या भागात मंडईच्या निमित्ताने नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. त्याआधीच्या दंडारीत पुरुषच स्त्रीचे सोंग घेत. नाटकांत पुढे स्त्रिया आल्या. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष वेधले गेले. आता तिच्यावर लेख लिहिले जातात, प्रबंधही होतात. त्यांत नाटककार असतात, नट असतात, कधी नेपथ्यही असते. शिवणकाम मात्र नसते.

गावातले हौशी मंडळ ऐतिहासिक नाटक बसवते तेव्हा अंगरखे, शेले, जिरेटोप हे सारे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येते. भाड्याची चोळीही येते. पण तिच्या आतले वस्त्र भाड्याने आणून कोणी घालत नाही. ते ज्याचे त्याने घरून आणायचे असते. म्हणून ऐतिहासिक पोशाखाचा बाहेरचा थर बाजाराचा आणि आतला थर घरचा, अशी वाटणी आपोआप होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलामुलींना मावळा, जिजाऊ करून उभे करतात, तेथेही हेच घडते. आई शिलाई मशीनवर बसते आणि जुन्या चादरीची सुरवार, मांजरपाटाची बंडी, कापूस भरलेली काचोळी तयार करते.

या घरच्या शिवणात एक गंमत आढळते. जे कोणाला दिसणार नाही, तेथे शिवणारीचा हात मोकळा सुटतो. मावळ्याच्या सुरवारीवर चादरीवरचे मोठाले गुलाब तसेच राहतात. जिजाऊच्या चोळीच्या अस्तरावर कोणीतरी धावदोऱ्याने मोर काढते. नेफ्यात चार रंगांच्या चिंध्या वळून केलेली नाडी घातलेली असते. पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाला ते अज्ञानही वाटेल. आमचे म्हणणे असे, की याला अज्ञान म्हणण्यापूर्वी येथे ज्ञान कोणते उपलब्ध होते, हे पाहिले पाहिजे.

युरोपात जुन्या काळची अंतर्वस्त्रे घरी शिवण्याचा छंद पुष्कळांना आहे. त्यांच्या हाताशी साधनेही आहेत. नोरा वॉ यांनी १९५४ साली कॉर्सेट आणि क्रिनोलिन यांवर ग्रंथ लिहिला. जॅनेट आर्नल्ड यांनी संग्रहालयांतल्या मूळ कपड्यांची मापे घेऊन त्यांचे नमुने काढले. अठराव्या शतकातल्या तेथल्या स्त्रिया घागऱ्याखाली कमरेला एक सुटा खिसा बांधत. तो चारचौघांना दिसत नसे, तरी त्यावर वेलबुट्टी भरलेली असे. असे खिसे आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. म्हणजे आतल्या वस्त्रावरची लहर ही आमच्या गावाचीच मिरासदारी नव्हे. फरक एवढाच, की तेथल्या शिवणाऱ्यांना नमुना समोर ठेवता येतो.

आमच्याकडे तसे नाही, आणि त्याचे कारण आमच्या वस्त्रांच्या घडणीतच आहे. पुरुषांच्या बाबतीत काही पुरावा मिळतो. मोगल आणि दख्खनी चित्रांत मलमलीच्या तलम जाम्यातून आतली सुरवार स्पष्ट दिसते. स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. कासोटा घालून नेसलेल्या लुगड्याखाली निराळ्या शिवलेल्या वस्त्राची गरजच नव्हती. लुगडे हेच बाहेरचे वस्त्र आणि तेच आतले. परकर हा मूळचा मुलींचा बाहेरचा पोशाख. गोल साडी रूढ झाली तेव्हा तो साडीच्या आत गेला. १८६४ साली मुंबईस आलेल्या ज्ञानदानंदिनी टागोरांनी पारशी स्त्रियांचे पाहून साडीची जी नवी पद्धत उचलली, तिच्यात परकर आणि अंगात शिवलेले वस्त्र हे गृहीतच होते. त्याहून जुन्या काळातल्या मराठी स्त्रीचे 'ऐतिहासिक अंतर्वस्त्र' शिवायला जी बसेल, ती कधी नसलेली वस्तू शिवते आहे.

जे होते तेही टिकले नाही. लुगडे विरले की त्याला दंड घालत; आणखी विरले की त्याची चोळी, बाळोती होत आणि अखेर त्याची रवानगी गोधडीत होई. आमच्या वस्त्रेतिहासाचे दफ्तर असे पांघरुणांत शिवले गेले आहे. उरली ती भाषा. कंबर कसणे, पदर खोचणे, लंगोटीयार, पैसे कनवटीला लावणे, हे शब्द न शिवलेल्या वस्त्राच्या संसारातून आले आहेत. युरोपातल्या त्या भरतकाम केलेल्या खिशाचे काम आमच्याकडे कनवट करीत होती.

येथे दोन मते मांडली जातात आणि दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. एक मत शुद्धतावाद्यांचे. त्यांना शिवलेली नऊवारी चालत नाही, इलॅस्टिक चालत नाही. वस्त्र आतूनबाहेरून त्या काळचेच हवे. पुराव्याशिवाय हा आग्रह पोकळ ठरतो. दुसरे मत व्यवहारवाद्यांचे. आत काय आहे ते कोण पाहतो, काहीही चालेल, असे ते म्हणतात. हे तर साफ चुकीचे आहे. आतले वस्त्र दिसत नसले तरी त्याने घडवलेली चाल दिसते. कासोटा घातलेली बाई मांडी घालून बसू शकते, लांब ढांग टाकू शकते, घोड्यावर बसू शकते. आत घोळदार परकर घालून त्यावर नऊवारीचा आभास निर्माण केला, की रंगमंचावर जिजाबाई येते ती गोल साडीच्या जपून टाकलेल्या पावलांनी. संवाद सतराव्या शतकाचा आणि पाऊल विसाव्या शतकाचे, हा विसंवाद प्रेक्षकाला जाणवतो, जरी त्याला त्याचे नाव सांगता आले नाही. उलट सुरवारीसारखी दोन पायांत विभागलेली चादरीची आतवी गुलाबांनी भरलेली असली, तरी ती नटीला ढांग टाकू देते. आमच्या लेखी ती अधिक ऐतिहासिक आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा वाद नवा वाटू नये. ऐतिहासिक कादंबरीविषयी आपण वर्गावर्गांतून हेच बोलत आलो आहोत. बखरीत लढाई असते, तह असतो. रात्री एकटे बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते ते नसते. हरि नारायण आपट्यांच्या 'उषःकाला'पासून पुढे प्रत्येक कादंबरीकाराने ही आतली बाजू स्वतः शिवली. त्याने शिवली म्हणून आपण त्याला खोटा म्हणत नाही. त्या शिवणीमुळे पात्र आपल्या काळात नीट चालते की नाही, हे पाहतो. कल्पिताला कागदपत्र म्हणून पुढे केले तरच आक्षेप घेतो. हाच न्याय चोळीच्या अस्तरावरच्या मोराला लावावा. तो मोर कोणाची फसवणूक करीत नाही. 'जिजाऊंच्या चोळीचा अस्सल नमुना' म्हणून तो विकायला ठेवला, तर ती फसवणूक होईल.

मात्र कादंबरीकाराचे नाव मुखपृष्ठावर छापले जाते आणि अस्तर शिवणारीचे नाव हस्तपत्रिकेतही येत नाही. ती नटाची आई, बायको किंवा बहीण असते आणि तिचे काम घरकामात जमा होते. तिने मापे कशी घेतली, चादर कोठे कापली, काखेत जोड का दिला, हे निर्णय नाट्यनिर्मितीचेच आहेत. ते कोणी लिहून ठेवत नाही. नाटक उतरते, कपडा धुतला जातो आणि पुढल्या वर्षी त्याचे पोतेरे होते.

म्हणून प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. झाडीपट्टीत संहिता गोळा करण्यासाठी तुम्ही येता. त्यासोबत कपड्यांची पेटीही उघडायला सांगा. कपडा उलटा करून पाहा, आतल्या टिपेचे छायाचित्र घ्या, आणि तो शिवणाऱ्या बाईला तिची संमती घेऊन नावानिशी प्रबंधात जागा द्या. संहितेची दुसरी प्रत कोठेतरी सापडेल. त्या अस्तराची सापडणार नाही.