पहिला उतार निवडताना

म्यूनिचला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अलीकडेच पत्र आले. येत्या हिवाळ्यात ती आणि तिचा नवरा पहिल्यांदाच स्कीइंगला जाणार आहेत. दोघांनीही आजवर पायाला स्की बांधलेल्या नाहीत. तिचा प्रश्न असा : “सर, तुम्ही वर्गात ज्या दावोसबद्दल इतके बोलायचात, तिथेच जावे का?”

प्रश्न वाचून आधी सुखावलो आणि मग अस्वस्थ झालो. शिकवलेले पुस्तक कुणाच्या तरी मनात पंधरा वर्षे टिकून राहते, ही शिक्षकाची मोठीच मिळकत. परंतु पुस्तकातून मनात रुजलेले नाव हा स्थळ निवडण्याचा निकष होऊ शकतो का? माझे उत्तर नकारार्थी आहे. आणि गंमत म्हणजे ज्या साहित्यामुळे दावोसचे नाव आपल्यापर्यंत पोचले, तेच साहित्य नीट वाचले तर याच उत्तराकडे नेते.

टोमास मान यांची पत्नी 1912 साली दावोसच्या आरोग्यधामात होती. तिला भेटायला गेलेल्या मान यांनी जे पाहिले त्यातून 1924 साली ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी आली. तिच्यातील ‘हिम’ या प्रकरणाचा उल्लेख आपण तत्त्वचिंतनासाठी करतो. पण त्यातली घटना काय आहे? हान्स कास्टोर्प नियम मोडून, गुपचूप स्की मिळवतो, थोड्याशा सरावावर एकटाच डोंगरात निघतो, वादळात सापडतो आणि एकाच जागी गोल फिरत राहतो. एका झोपडीच्या आडोशाला त्याला ते प्रसिद्ध स्वप्न पडते. सुदैवाने तो परततो, आणि रात्र होईपर्यंत त्या स्वप्नाचा अर्थही त्याच्या मनातून निसटू लागतो. नवशिक्याने काय करू नये याचे इतके नेमके वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही.

दुसरे उदाहरण आर्थर कॉनन डॉयल यांचे. क्षयाने आजारी असलेल्या पत्नीसाठी ते दावोसला राहत होते. मार्च 1894 मध्ये त्यांनी ब्रांगर बंधूंबरोबर खिंड ओलांडून आरोझा गाठले आणि त्याचा वृत्तान्त त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिला. वृत्तान्त विनोदी आहे; एका उतारावर स्की एकत्र बांधून त्यांवर बसून घसरताना त्यांच्या विजारीची काय अवस्था झाली, तेही त्यात येते. पण विनोदाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी आदल्याच वर्षी ती खिंड पार केली होती आणि स्वतः डॉयल यांनीही निघण्यापूर्वी जवळच्या उतारांवर बरीच धडपड केली होती. म्हणजे साहस होते, पण वाट माहीत असलेल्यांच्या सोबतीने.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हेमिंग्वेने 1924-25 आणि 1925-26 हे दोन हिवाळे ऑस्ट्रियातील श्रुन्स या गावी काढले. ‘अ मूव्हेबल फीस्ट’च्या अखेरच्या भागात त्या दिवसांचे वर्णन आहे. तेव्हा तिथे वर नेणारी यंत्रे नव्हती. स्कीच्या तळाला सीलची कातडी लावून चढायचे आणि मग उतरायचे. हेमिंग्वेचे म्हणणे असे की, चढण्याने पायांत जी ताकद येते तीच उतरताना कामी येते. जितके चढलात तितकेच उतरायचे, हा त्या काळाचा अलिखित नियम होता.

पुढे तो नियम मोडला. दावोसच्या बोल्गेन उतारावर 1934 साली स्कीपटूंना ओढून नेणारी लिफ्ट आली. अमेरिकेत सन व्हॅली येथे 1936 साली खुर्च्यांची पहिली लिफ्ट उभी राहिली. तिची कल्पना जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवरून सुचली होती. यात वाईट काहीच नाही. लिफ्ट नसती तर स्कीइंग मूठभरांपुरतेच राहिले असते. पण त्या क्षणापासून माणसाला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त उंचीवर सहज पोचवता येऊ लागले. उतरण्याची योग्यता मात्र कोणतेही यंत्र देत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. बर्फावर मी आयुष्यात एकच आठवडा काढला. स्थळाचे नाव सांगत नाही, कारण दोष स्थळाचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी मित्रांच्या उत्साहाला बळी पडून मी लिफ्टने वर गेलो. वर दृश्य अप्रतिम होते. ते मला आठवत नाही. आठवतो तो पायांखालचा उतार आणि खांद्यावर स्की घेऊन, कडेकडेने, घसरत-बसत खाली आलेले दोन तास. त्यानंतर मी पुन्हा कधी स्की बांधल्या नाहीत. पहिली निवड चुकली की माणूस नुसता पडत नाही, त्या गोष्टीलाच मुकतो. म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

तर मग पाहावे काय? पहिली गोष्ट, सरावाचा असा उतार, की ज्याच्या तळाशी सपाटी आहे आणि स्की आपोआप थांबतात. वर जायला तिथे सरकता पट्टा असावा. दुसरी, त्यानंतरची पायरी. आल्प्समध्ये सोप्या वाटा निळ्या, मध्यम लाल आणि अवघड काळ्या रंगाने दाखवतात. फ्रान्समध्ये निळ्याहूनही सोपी हिरवी असते. निळ्या वाटा किती आणि त्या सलग आहेत का, हे नकाशावर पाहावे. मध्येच लाल तुकडा ओलांडावा लागत असेल तर ते स्थळ सोडून द्यावे. तिसरी, धीर सुटलाच तर लिफ्टमध्ये बसून खाली येण्याची सोय. चौथी, आपल्याला कळणाऱ्या भाषेत शिकवणारा शिक्षक. आणि पाचवी, संपूर्ण डोंगराचा महागडा पास पहिल्या दोन-तीन दिवसांत घेण्याची सक्ती नसावी. शेकडो किलोमीटरच्या वाटांची जाहिरात नवशिक्याच्या काय कामाची? त्याचा सगळा आठवडा दोनचारशे मीटरांतच जातो.

या निकषांवर प्रसिद्ध नावे अनेकदा मागे पडतात. सेंट आन्टोनचेच पाहा. हानेस श्नायडर यांनी 1907 पासून तिथे शिकवायला सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने वळण शिकवण्याची त्यांची पद्धत जगभर गेली. जिथे नवशिक्यांची पद्धतशीर शाळा घडली, ते गाव आज मुख्यतः कसलेल्यांचे मानले जाते. तिथल्या निळ्या वाटांनाही नवखे बिचकतात. त्याच टिरोल प्रांतातले सेर्फाउस साहित्याच्या इतिहासात कुठेही नाही. पण ते सुमारे 1400 मीटरवरच्या उन्हाच्या पठारावर वसले आहे, गावात मोटारींऐवजी 1985 पासून जमिनीखालून छोटी गाडी धावते, आणि शिकणाऱ्यांचे उतार पाळण्याने वर गेल्यावर लागतात. संध्याकाळी त्याच पाळण्याने खाली यायचे. आपल्या गुलमर्गलाही हाच विवेक हवा. 2005 साली पाळणा अफरवातच्या खांद्यापर्यंत पोचला, म्हणून पहिल्या दिवशी तिथवर स्की घेऊन जावे असे नाही. खालच्या कुरणातला उतार पुरेसा आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागेल. सर्वांत स्वस्त, घरगुती आणि सौम्य उतार बहुधा कमी उंचीवरच्या लहान गावांत असतात, आणि वाढत्या तापमानात बर्फ आधी तिथूनच नाहीसे होत आहे. कृत्रिम बर्फालाही थंडी लागतेच. त्यामुळे नवशिक्याला उंचावरच्या, महागड्या स्थळांकडे ढकलले जाते. सेर्फाउसही स्वस्त नाही. ज्या खेळाचा पहिला उतारच श्रीमंतांचा होईल, तो खेळ पुढे कुणाचा राहील?

आणि इथेच मला आपला वर्ग आठवतो. बालवाचनालये, शाळेतली पुस्तकाची पेटी, सोपी पण चांगली गोष्ट, हे आपले सौम्य उतार होते. ते विरत चालले आहेत, आणि आपण मात्र पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला मार्गदर्शिकांच्या लिफ्टमध्ये बसवून दुर्बोधतेच्या शिखरावर सोडतो. तो परीक्षेत वरचे दृश्य बिनचूक वर्णन करतो. पण त्या उंचीवरून स्वतःच्या वाचनाच्या बळावर उतरणे त्याला येत नाही, आणि पदवीनंतर तो पुस्तक पुन्हा हाती घेत नाही. माझ्या स्कीचे झाले तेच.

तिला उत्तर लिहिले : “यंदा सेर्फाउसला जा, जानेवारीत, शाळांच्या सुट्ट्या टाळून. पहिले तीन दिवस पट्ट्यावरून वर आणि सपाटीवर खाली, एवढेच कर. दावोस कुठे जात नाही. तिथे जाशील तेव्हा कास्टोर्पसारखी हरवू नकोस, एवढीच इच्छा.”