रिकाम्या खोलीचा हिशेब

ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१३ रोजी अमलात आलेल्या एका नियमाविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघाले की बहुतेकांचा पहिला अभिप्राय अनुकूल पडतो, असा माझा अनुभव आहे. घर सरकारी, भाड्याचा भार सरकारी तिजोरीवर आणि घरात एक खोली रिकामी. मग त्या खोलीचे पैसे करदात्याने का भरावेत? प्रश्न सरळ वाटतो, आणि या सरळपणाच्या बळावरच तो नियम इतकी वर्षे तगून राहिला आहे. माझे म्हणणे असे, की हा नियम न्यायाच्या दृष्टीने सदोष आहेच. परंतु ज्या व्यवहारचातुर्याबद्दल त्याची वाखाणणी होते त्या व्यवहारातही तो फसलेला आहे.

प्रथम नियम काय तो पाहू. नगरपालिकेच्या, म्हणजे ज्यांना तेथे कौन्सिलची घरे म्हणतात त्यांत, किंवा ना-नफा गृहसंस्थांच्या घरांत राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना भाड्यापोटी सरकारी साहाय्य मिळते. २०१२ च्या कल्याणसुधारणा कायद्यान्वये ठरले, की अशा घरात एक शयनगृह जादा असेल तर भाड्याचा १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के भाग साहाय्यातून वगळावा. जादा कोणते, हे ठरविण्याचे कोष्टकही दिले. जोडप्याला एक खोली, सोळा वर्षांवरील प्रत्येकाला एक. सोळाच्या आतील दोन भाऊ वा दोन बहिणी एका खोलीत. आणि दहाच्या आतील दोन मुले, मग ती भाऊ-बहीण असली तरी, एका खोलीत. निवृत्तीच्या वयाच्या भाडेकरूंना यातून वगळले. सुमारे ६,६०,००० कुटुंबांना झळ बसेल आणि दर कुटुंबाचे आठवड्याला सरासरी १४ पौंड कमी होतील, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. त्या वर्षी पंचवीस वर्षांवरील एकट्या बेकार माणसाचा भत्ता आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स होता. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा.

नावावरून मोठा वाद झाला. विरोधकांनी याला ‘बेडरूम टॅक्स’ म्हटले. डेव्हिड कॅमेरन यांचे सरकार मात्र ‘जादा खोलीचे अनुदान बंद करणे’ असेच म्हणत राहिले. काटेकोर बोलायचे तर हा कर नव्हे, हे मान्य. पण मग जादा खोलीचे म्हणून वेगळे असे कोणते अनुदान पूर्वी दिले जात होते? साहाय्य मिळे ते राहत्या घराच्या भाड्यासाठी. नसलेल्या अनुदानाला आधी नाव द्यायचे आणि मग ते बंद केल्याचे श्रेय घ्यायचे, ही युक्ती कोणत्याही देशाच्या राज्यकर्त्यांना ओळखीची वाटेल.

आता हेतूंकडे वळू. नियमाचे समर्थन दोन पायांवर उभे होते. एक, वर्षाला सुमारे ५० कोटी पौंडांची बचत होईल. दोन, लोक लहान घरांत जातील आणि मोठी घरे दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांना मिळतील. दोन्ही हेतू वेगवेगळे घेतले तर स्तुत्य आहेत. पण भाडेकरू जागचा हलला नाही आणि फरक स्वतःच्या खिशातून भरत राहिला तरच ही बचत पुरी होते; मोठे घर मोकळे व्हायचे तर त्याने हलले पाहिजे. तो हलून खासगी घरमालकाकडे गेला, तर तेथील भाडे सहसा चढे असल्यामुळे सरकारी साहाय्य उलट वाढण्याचा संभव. एक हेतू जितका सफल होईल तितका दुसरा विफल व्हावा, अशी ही रचना होती. आणि ज्या घरांत मुले दूर गेल्याने खोल्या खरोखर ओस पडतात त्या वृद्धांच्या घरांना नियमाने हातच लावला नाही. वृद्धांना वगळले हे माणुसकीला धरून झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग घरे मोकळी करण्याचा हेतू किती मनापासूनचा होता, हे त्यावरून समजते.

जायचे म्हटले तरी कोठे जायचे, हा प्रश्न उरतोच. कौन्सिलची घरे १९१९ च्या अ‍ॅडिसन कायद्यापासून बांधली गेली ती मुख्यतः कामकरी कुटुंबांसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅन्युरिन बेव्हन मंत्री असताना तर गरिबाचे घर ऐसपैस असावे हेच धोरण होते. त्यामुळे, विशेषतः इंग्लंडच्या उत्तर भागात, दोन-तीन शयनगृहांची घरे पुष्कळ आणि एका शयनगृहाची थोडी, अशी स्थिती आहे. १९८० नंतर भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्याखाली इंग्लंडमध्येच सुमारे २० लाख घरे विकली गेली आणि त्यांच्या जागी नवी फारशी उभी राहिली नाहीत. शासनाने लहान घरे बांधली नाहीत, असलेली मोठी विकून टाकली, जी उरली त्यांत आपणच भाडेकरूला जागा दिली. आणि अखेर, तू लहान घरात का राहत नाहीस म्हणून दंड त्यालाच केला. परिणाम व्हायचा तोच झाला. सरकारनेच करविलेल्या आणि जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले, की पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम साडेचार टक्के भाडेकरू अशाच सामाजिक घरांपैकी लहान घरात गेले, आणि ५९ टक्क्यांकडे भाडे थकले. पुढल्या वर्षाअखेरीच्या अहवालात सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी अन्नावरचा खर्च कमी केल्याचे सांगितले.

‘जादा’ खोली म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. शयनगृह कशाला म्हणावे याची व्याख्या या नियमात नाही. घरमालक संस्था जे म्हणेल ते. लीड्स, नॉटिंगहॅम अशा काही शहरांनी आपल्या घरांतील कित्येक खोल्यांची नोंदच बदलून कुटुंबांची सुटका केली. आपल्याला हे विचित्र वाटू नये. आपल्या जुन्या घरांत ओटी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली अशी नावे होती; शेजघर हा शब्द तर आपण देवाच्याच वाट्याला दिला. खोलीचे नाव तिच्यातल्या कामावरून पडे, तीत निजणाऱ्या डोक्यांवरून नव्हे. ब्रिटनमधील गरिबाच्या घरातही असेच असते. एका खटल्यातील पत्नी अपंग. तिला खास पलंग लागे आणि पतीला त्याच खोलीत निजणे अशक्य. दुसऱ्यात आजी-आजोबा अतिशय आजारी नातवाला सांभाळत आणि रात्रीच्या मदतनिसाला झोपायला खोली लागे. दोन्ही घरांतील ही खोली कोष्टकाने जादा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१६ रोजी ती जादा नाही असा निवाडा दिला, तेव्हा कोठे नियम सुधारला. त्याच दिवशी जिच्या घरात हिंसक पुरुषापासून बचावासाठी खास सुरक्षित जागा करून दिलेली होती अशी एक स्त्री मात्र हरली. तिला न्याय मिळाला तो युरोपीय मानवाधिकार न्यायालयात, ऑक्टोबर २०१९ मध्ये. एका शासकीय खात्याने पैसे खर्चून घर सुरक्षित करावे आणि दुसऱ्याने तेच घर तिला मोठे पडते म्हणून साहाय्य कापावे! अशा घरांचा अपवाद पहिल्याच दिवशी सुचू नये इतकी ती दुर्मिळ नव्हती; झळ पोहोचलेल्या कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांशांत कोणीतरी अपंग असल्याचे सरकारच्याच अंदाजात नमूद होते.

समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा समानतेचा आहे. खासगी घरांतील भाडेकरूंना एप्रिल २००८ पासून, म्हणजे मजूर पक्षाच्याच राजवटीपासून, कुटुंबाच्या गरजेइतक्या खोल्यांपुरतेच साहाय्य मिळते. मग कौन्सिलच्या भाडेकरूंचे लाड का? मुद्दा ऐकायला चोख आहे. पण २००८ चा नियम नव्याने अर्ज करणाऱ्यांना आणि घर बदलणाऱ्यांना लागू झाला. घर घेताना त्यांना अट ठाऊक होती. २०१३ चा नियम वीस-वीस वर्षे त्याच घरात राहिलेल्यांवर, मागाहून लादला गेला. करार झाल्यावर अट बदलणे याला आपल्याकडच्या सावकारीत काय म्हणत, ते वाचकांना सांगायला नको.

शिवाय समानता हवी तर ती पुरती हवी. इंग्लंडमध्ये स्वतःच्या मालकीच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांपैकी सुमारे निम्म्यांकडे गरजेपेक्षा किमान दोन शयनगृहे जास्त असतात. सामाजिक भाडेकरूंत हेच प्रमाण सुमारे १० टक्के. चार शयनगृहांच्या बंगल्यात कोणी एकटा राहत असेल तर त्याला स्थानिक करात, म्हणजे कौन्सिल टॅक्समध्ये, २५ टक्के सूट मिळते. दोन खोल्या जादा असलेल्या गरिबाच्या भाड्यातला २५ टक्के भाग कापला जातो. आकडा तोच, दिशा तेवढी उलट. आपल्यापैकी कितीएक घरांत मुले पुण्याला वा अमेरिकेला गेल्यापासून माडीवरच्या खोल्यांना कुलूप आहे. त्याचा जाब आपल्याला कोणी विचारत नाही, आणि विचारला तर आपल्याला तो उद्धटपणा वाटेल.

दाटीने राहणाऱ्या कुटुंबांची गरज मी नाकारीत नाही. ती भागवण्याचा मार्गही समोर होता. भाडेकरूला योग्य लहान घर खरोखर देऊ करावे आणि त्याने ते नाकारले तरच साहाय्य कापावे. सप्टेंबर २०१४ मध्ये उदारमतवादी लोकशाही पक्षाचे अँड्र्यू जॉर्ज यांनी याच स्वरूपाचे खासगी विधेयक आणले. दुसऱ्या वाचनाला ते ३०६ विरुद्ध २३१ मतांनी संमत झाले आणि पुढे सरकारी पाठबळाअभावी अडकून पडले. स्कॉटलंडच्या सरकारने २०१४ पासून आपल्या तिजोरीतून भाडेकरूंची भरपाई केली. मजूर पक्षाने सत्तेवर आल्यास नियम रद्द करू असे सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केले होते. जुलै २०२४ मध्ये तो पक्ष सत्तेवर आला. नियम मात्र जागच्या जागी राहिला. १४ आणि २५ टक्क्यांचे आकडेही तेच.