‘वय झालं, आता आराम करा’ हा सल्ला मधुमेहींना महाग पडतो

‘आई, तू बस, मी करते.’ ‘बाबा, ती पिशवी द्या इकडे.’ टाइप २ मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना घरोघरी असंच प्रेमाने बसवून ठेवलं जातं. प्रेम खरं आहे, पण परिणाम उलटा होतो. या आजारात विनाकारण विश्रांती म्हणजे वाढती साखर आणि हळूहळू येणारं परावलंबित्व.

कारण समजून घ्या. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. मधुमेहात स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मात्र काम करणारा स्नायू इन्शुलिनशिवायही साखर आत ओढून घेतो. व्यायामानंतर इन्शुलिनचा परिणामही सुधारतो आणि ही सुधारणा साधारण एक-दोन दिवस टिकते. म्हणून फक्त रविवारी तासभर चालून भागत नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

आता नेहमीच्या सबबी पाहू.

‘घरकाम हाच माझा व्यायाम.’ घरकामाने हालचाल होते, हे मान्य. पण ओट्यापाशी तासन् तास उभं राहिल्याने ना दम लागत, ना ताकद वाढत. खरा प्रश्न वेगळाच आहे. बाबा सकाळी फिरायला जातात तेव्हा आई त्यांचा नाश्ता करत असते. मधुमेह दोघांना, व्यायामाची वेळ मात्र एकालाच! हा घरातला अन्याय आहे, तो घरानेच दूर करायला हवा.

‘मी रोज फिरतो, आणखी काय हवं?’ फिरण्यातला कट्ट्यावर गप्पा मारण्याचा वेळ आधी वजा करा. उरलेलं चालणं उत्तमच, पण तेवढं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 65 च्या पुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. शेवटच्या दोन गोष्टी आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही.

‘गुडघे दुखतात.’ गुडघ्यांच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग आहे. बसून राहिल्याने गुडघे वाचत नाहीत, मांड्या मात्र कमजोर होतात.

सुरुवात अशी करा:

• खुर्चीतून हातांचा आधार कमीत कमी घेत आठ-दहा वेळा उठा-बसा. श्वास रोखू नका.
• ओट्याला धरून टाचा उचला. जमल्यास एका पायावर काही सेकंद उभे राहा.
• प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडमधल्या 2016 च्या एका अभ्यासात दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा असं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी.
• टीव्हीसमोर दर अर्ध्या तासाने उठा.

काळजीही घ्या. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. व्यायामापूर्वी साखर 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका, रोज तळवे पाहा. छातीत दुखणं, चालताना धाप लागणं किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

चिठ्ठीच्या तळाशी ‘व्यायाम करा’ एवढंच लिहिणं हा अर्धवट उपचार आहे. गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती वेळा, हे आम्ही डॉक्टर नेमकं लिहितो. व्यायामही तसाच लिहून द्यायला हवा. पुढच्या तपासणीला तो मागून घ्या: कोणता, किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस. तो तुमचा हक्क आहे.