भरपाई मिळाली, पण निकाल कुठे लागला?

परवा जेटीवर विषय निघाला. परदेशी जहाजानं आपल्याला नुकसान केलं तर काय? एकजण म्हणाला, पैसे मिळतात ना, मग झालं. आम्हाला हे पटत नाही.

केरळजवळची सेंट अँटनी बोट आठवा. 15 फेब्रुवारी 2012, किनाऱ्यापासून साधारण 20 सागरी मैल. एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या, दोन मच्छीमार गेले. चाचे वाटले, असं त्यांचं म्हणणं. दोघांना अटक झाली. पण त्याच पथकातले चौघे इटलीला परतले होते आणि त्यांची साक्ष हवी होती. इटलीनं त्यांना पाठवलंच नाही. शेवटी नोव्हेंबर 2013 मध्ये रोममधून व्हिडिओवर जबाब घ्यावे लागले. चार माणसांना बोलतं करायला पावणेदोन वर्षं!

आपले पोलीस दुसऱ्या देशात जाऊन पुरावा उचलू शकत नाहीत. कोर्टानं विनंतीपत्र द्यायचं, गृह मंत्रालयानं ते पुढे पाठवायचं, आणि मग वाट बघायची. तिकडचे पोलीस इथं येऊन आपल्या खलाशांना चौकशीला बसवू लागले तर आपणही खपवून घेणार नाही, हे मान्य. पण उत्तर किती दिवसांत द्यायचं, याची मुदत करारात का नसावी?

2020 साली आंतरराष्ट्रीय लवादानं 3 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं, नौसैनिक सरकारी कामावर होते, भारतात खटला नाही. भरपाई द्या, असंही लवादानं सांगितलं. 10 कोटी आले. दोन घरांना चार-चार, बोटमालकाला दोन. त्या दोनातले पाच-पाच लाख नऊ खलाशांना मिळाले, तेही सुप्रीम कोर्टात गेल्यावर. (मालक मंडळींनी हे जरा दोनदा वाचावं.)

15 जून 2021 ला सुप्रीम कोर्टानं इथला खटला बंद केला. इटलीनं तपास करावा, भारत आणि केरळनं सहकार्य करावं, असं सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये रोमच्या न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणून तिथलीही फाईल मिटवली. दहा वर्षं झाली, पण गुन्हा झाला की नाही हे एकाही फौजदारी कोर्टानं ठरवलं नाही.

मुरगावला येणारी मोठी जहाजं आपल्याही जाळ्यांजवळून जातात. त्यांच्या नोंदयंत्रातली माहिती वेळेत जपली नाही तर नवी नोंद जुनीवर चढते. म्हणून आपला पुरावा आपणच पहिल्या तासात धरायचा. जहाजाचं नाव, मागच्या बाजूचा सात आकडी आयएमओ नंबर, जीपीएसवरची जागा, वेळ, मोबाईलवर फोटो. व्हीएचएफ 16 वर लगेच बोला, कोस्टगार्डला 1554 वर फोन करा. जीपीएसमधला ट्रॅक कोणी पुसू नका.

हे सगळं लिहायचा एक पानी कागद संस्थेच्या ऑफिसात ठेवलाय. बंदी उठायच्या आधी प्रत्येक तांडेलानं घेऊन जावा.